न मोजलेले अनुदान

देवनहळ्ळी तालुक्यातील चन्नरायपट्टण होबळीतल्या तेरा गावांची १,७७७ एकर जमीन उद्योगांसाठी संपादित करण्याचा प्रस्ताव कर्नाटक सरकारने १५ जुलै २०२५ रोजी मागे घेतला. एप्रिल २०२२ पासून, म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळ, धरणे धरून बसलेल्या शेतकऱ्यांचा तो विजय होता. विमानतळाला खेटून असलेल्या आणि बाजारात कोट्यवधींचा भाव आलेल्या जमिनीवर आपल्याला शेतीच करायची आहे, असे ठामपणे सांगणारी माणसे बेंगळुरूच्या वेशीवर अजून आहेत, याची जाणीव त्या निमित्ताने विधानसौधाला झाली. या भागातील द्राक्षबागा, भाजीपाला, फुले, तुती आणि दूध यांचे दाखले आंदोलनाच्या काळात वारंवार दिले गेले. ही पिके ज्या पाण्यावर उभी आहेत त्या पाण्याचा प्रश्न मात्र या चर्चेत मागेच राहिला.

बेंगळुरू ग्रामीण जिल्ह्याला (त्याचे नाव ‘बेंगळुरू उत्तर’ करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने त्याच महिन्यात घेतला) बारमाही नदी नाही आणि मोठा कालवाही नाही. बागायत चालते ती विंधन विहिरींवर आणि विंधन विहिरी चालतात त्या फुकट विजेवर. जमीन सरकारने सोडली, पण त्या जमिनीतील शेती सरकारच्या एका मोठ्या अनुदानावर उभी आहे आणि त्या अनुदानाचा हिशेब कोणाकडेही नीट नाही. शेती टिकवायची असेल तर तो हिशेब मांडण्याची वेळ आली आहे, आणि ही बाब केवळ कर्नाटकापुरती नाही.

कर्नाटकात दहा अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत मिळते. असे पंप सुमारे ३४ लाख आहेत आणि त्यांच्यापोटी राज्य सरकारने वीज कंपन्यांना द्यावयाची रक्कम वर्षाला सोळा हजार कोटी रुपयांच्या घरात जाते. साधा भागाकार केला तर एका पंपामागे वर्षाला सरासरी ४७ हजार रुपये पडतात. केंद्राच्या ‘पीएम-किसान’ योजनेतून शेतकरी कुटुंबाला वर्षाला सहा हजार रुपये मिळतात. ही रक्कम त्याच्या जवळजवळ आठपट आहे. तथापि, आपल्याला वर्षाकाठी ४७ हजार रुपये मिळतात असे कोणत्याही पंपधारकाला वाटत नाही, आणि ते नेमके कोणाला किती मिळाले हे सरकारलाही सांगता येत नाही. कारण बहुसंख्य पंपांवर मीटर नाहीत. निवडक फीडर आणि रोहित्रांवरील नोंदींवरून एकूण वापराचा अंदाज बांधला जातो, वीज नियामक आयोग त्याची छाननी करतो आणि त्या अंदाजावर अनुदानाची रक्कम ठरते. राज्यात विकल्या जाणाऱ्या विजेपैकी सुमारे एक तृतीयांश वीज अशी अंदाजाने मोजली जाते.

वीज मोफत असावी की नसावी, हा वाद चार दशके चालू आहे आणि तो एका लेखाने मिटणारा नाही. परंतु त्याच्या आधीचा प्रश्न असा की, जी सवलत मोजलीच जात नाही ती न्याय्य आहे की अन्याय्य, हे ठरवायचे कशाच्या आधारे?

सवलतीचा इतिहास

ही सवलत निव्वळ मतांसाठी जन्माला आली, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. २१ जुलै १९८० रोजी नरगुंद-नवलगुंद येथे मलप्रभा लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांनी सुधार करवसुलीविरुद्ध केलेल्या आंदोलनात गोळीबार झाला आणि त्या असंतोषातून कर्नाटक राज्य रयत संघ उभा राहिला. त्याच वर्षी महाराष्ट्रात चाकणच्या कांदा आंदोलनातून शरद जोशींची शेतकरी संघटना पुढे आली. शेतीमालाचे भाव सरकार पाडते, मग कर्जाची आणि विजेच्या बिलाची वसुली कोणत्या तोंडाने करते, हा या चळवळींचा सवाल होता. जोशींच्या संघटनेची ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा मराठी वाचकांच्या स्मरणात असेल. राज्यकर्त्यांनी या सवालाला भावाच्या रूपाने उत्तर देण्याऐवजी सवलतीच्या रूपाने दिले, कारण भाव ठरविणे राज्यांच्या हाती नव्हते आणि वीज मंडळे हाताशी होती. मीटरवरील आकारणी मागे पडून अश्वशक्तीप्रमाणे ठोक दर आला. एस. बंगारप्पा यांच्या १९९० ते १९९२ या कारकिर्दीत दहा अश्वशक्तीपर्यंत वीज मोफत झाली. पुढे आकारणीचे प्रयत्न झाले खरे, पण २००८ मध्ये येडियुरप्पा सरकारने मोफत वीज पुन्हा आणली आणि त्यानंतर आलेल्या कोणत्याही पक्षाच्या सरकारने तिला हात लावलेला नाही.

याचा अर्थ, ही सवलत मुळात पडलेल्या भावाची भरपाई होती. भरपाई म्हटली की ती कोणाला, किती आणि कशाबद्दल, हे ठरावे लागते. नेमके तेच झाले नाही. ज्याच्याकडे पंप त्याला वीज. ज्याचा पंप मोठा आणि पाणी खोल त्याला अधिक वीज, असा तिचा अलिखित नियम बनला.

कोण आत, कोण बाहेर

२०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार कर्नाटकात सुमारे ८६ लाख ८० हजार वहिवाटदार खातेदार आहेत. प्रत्येक पंप वेगळ्या खातेदाराचा आहे असे गृहीत धरले, तरी निम्म्याहून अधिक खातेदार या सोळा हजार कोटींच्या बाहेर राहतात. त्यात पावसावर नाचणी, तूर, ज्वारी पिकविणारा कोरडवाहू शेतकरी येतो. विंधन विहीर खोदण्याइतके भांडवल त्याच्यापाशी नव्हते, किंवा खोदली तरी पाणी लागले नाही, एवढाच त्याचा अपराध. त्याच्या वाट्याला खताचे आणि बियाण्याचे अनुदान येते, व्याजमुक्त पीककर्ज येते. पण विजेच्या अनुदानातला छदामही त्याला मिळत नाही.

बाहेर राहणारा दुसरा घटक म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने किंवा वाट्याने कसणारा. देवराज अर्स सरकारने १९७४ मध्ये केलेल्या जमीन सुधारणा कायद्यातील दुरुस्तीने कूळवहिवाट जवळजवळ पूर्णपणे बंद केली आणि लाखो कुळांना जमिनीची मालकी दिली. देशातील चांगल्या जमीन सुधारणांत तिची गणना होते. परंतु त्याच कायद्यामुळे आज जो खंडाने शेती करतो, तो कागदावर अस्तित्वातच नाही. इ. स. २००० च्या सुमारास ‘भूमी’ प्रकल्पातून कर्नाटकाने पहाणी, म्हणजे आपला सातबारा, संगणकावर आणली आणि पुढे ‘फ्रूट्स’ या नोंदणीतून प्रत्येक शेतकऱ्याला ओळख क्रमांक दिला. ही व्यवस्था अनेक राज्यांना मार्गदर्शक ठरावी अशी आहे. मात्र तिच्या मुळाशी पहाणी आहे आणि पहाणीवर मालकाचे नाव आहे. मालक बेंगळुरूत राहतो आणि कसणारा गावात, अशा ठिकाणी योजनांचा पैसा मालकाकडे जातो. पंपाची वीज कसणाऱ्याच्या उपयोगी पडते हे खरे; पण पाण्याची सोय असलेली जमीन म्हणून मालक त्याच विजेच्या जोरावर खंड वाढवून घेऊ शकतो.

आत येणाऱ्यांची यादीही या निमित्ताने तपासायला हवी. २०२० च्या दुरुस्तीने कर्नाटकात बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकत घेण्यावरील बहुतेक बंधने उठली. त्यानंतर बेंगळुरूभोवतीच्या तालुक्यांत शेतघरांसाठी जमिनी घेणाऱ्यांना वाट मोकळी झाली. त्यांत नोकरीनिमित्त येथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही असणार. ‘पीएम-किसान’मध्ये प्राप्तिकर भरणाऱ्यांना आणि बहुतेक सरकारी कर्मचाऱ्यांना वगळण्यात आले आहे. मोफत विजेला अशी उत्पन्नाची अट नाही. कृषिजोडणी असलेला दहा अश्वशक्तीचा पंप भाजीच्या वाफ्याला पाणी देतो की हिरवळीला, हे विचारणारी यंत्रणाही नाही, कारण जिथे युनिटच मोजले जात नाहीत तिथे उपयोग कोण मोजणार?

खाली जाणारे पाणी

या सर्वांहून गंभीर परिणाम जमिनीखाली झाला आहे. भूजलाचे जितके पुनर्भरण होते त्याहून अधिक उपसा होणाऱ्या जिल्ह्यांत बेंगळुरू ग्रामीण, कोलार आणि चिक्कबळ्ळापूर यांची नावे वर्षानुवर्षे आहेत. कोलारच्या पट्ट्यात हजार-पंधराशे फूट खोल विंधन विहिरी घेतल्या जातात. पाणी खोल गेले की मोठा पंप लागतो, पुन्हा खोदाई करावी लागते आणि त्यासाठी कर्ज काढावे लागते. वीज फुकट असली तरी खोदाई फुकट नाही. ज्याच्यापाशी पैसा आहे तो आणखी खोल जातो आणि शेजारच्या अल्पभूधारकाची उथळ विहीर कोरडी पडते. म्हणजे गरीब शेतकऱ्याच्या नावाने दिलेली सवलतच त्याचे पाणी पळवू शकते. भूजल उपशाचे नियमन करणारा कायदा कर्नाटकाने २०११ मध्ये केला, पण नवी खोदाई परवानगीने आणि उपसा मोजमापाविना, अशी विसंगती त्याच्या अंमलबजावणीत राहून गेली.

यातील दुसरी विसंगती बेंगळुरूच्या रहिवाशांशी थेट संबंधित आहे. २०१८ पासून बेंगळुरूच्या कोरमंगला-चल्लघट्टा खोऱ्यातील प्रक्रिया केलेले सांडपाणी कोलारच्या तलावांत सोडले जाते. दिवसाला ४४ कोटी लिटर हे त्याचे उद्दिष्ट आहे. तलाव भरावेत आणि त्यातून भूजल वाढावे, हा या योजनेचा हेतू, म्हणून तलावातून थेट उपसा करण्यास मनाई आहे. म्हणजे सरकार आपल्या खर्चाने पाणी चढवून ते जमिनीत मुरवते आणि पुन्हा आपल्याच खर्चाने, न मोजलेल्या विजेवर, ते उपसू देते. मुरले किती आणि उपसले किती, याचा ताळेबंद मीटरशिवाय मांडता येत नाही.

संशय रास्त आहे

मग मीटर का बसत नाहीत? २००३ च्या वीज कायद्यातील ५५ वे कलम मीटरशिवाय वीजपुरवठा करू नये असे सांगते, तर ६५ वे कलम राज्याने द्यावयाचे अनुदान आगाऊ द्यावे असे बजावते. संसदेने केलेल्या कायद्यातील ही दोन्ही कलमे बहुतेक राज्यांत कागदावर राहिली, याचे कारण केवळ राजकारण्यांची भीती हे नव्हे. मीटर आज बसला की बिल उद्या येते, असा शेतकऱ्याचा अनुभव आहे. महाराष्ट्रात २००४ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी सुशीलकुमार शिंदे सरकारने कृषिपंपांना मोफत वीज दिली आणि निवडणूक जिंकल्यावर, २००५ मध्ये, विलासराव देशमुख सरकारने ती काढून घेतली. एप्रिल २०२० मध्ये केंद्राने वीज कायद्यातील दुरुस्तीचा मसुदा आणला. त्यात शेतकऱ्याने पूर्ण दराने बिल भरावे आणि अनुदान नंतर त्याच्या खात्यात जमा व्हावे, अशी कल्पना होती. दिल्लीच्या सीमेवर बसलेल्या शेतकऱ्यांच्या मागण्यांत तीन कृषी कायद्यांबरोबर हा मसुदा मागे घेण्याची मागणीही होती, ती या अनुभवामुळेच. आधी पैसे भरा आणि मग परताव्याची वाट पाहा, ही गोष्ट हातावर पोट असलेल्या माणसाला परवडत नाही. कर्नाटकातील वीज कंपन्यांनी २०२४ मध्ये पंपाचा जोडणी क्रमांक आधार क्रमांकाशी जोडण्याची मोहीम हाती घेतली, तेव्हाही मीटरची ही पूर्वतयारी असल्याचा संशय शेतकरी संघटनांनी व्यक्त केला आणि तसा विचार नसल्याचा खुलासा सरकारला करावा लागला.

परंतु मोजमाप नसल्याचा लाभ शेतकऱ्याइतकाच वीज कंपन्यांनाही होतो, हे येथे विसरता येत नाही. गळती आणि चोरी कृषिपंपांच्या अंदाजित वापरात दडवता येते, हा आक्षेप महाराष्ट्रात वीज आयोगापुढे अनेकदा मांडला गेला आहे. अशा वेळी शेतकऱ्याने न वापरलेल्या विजेचे ओझेही त्याच्याच नावावर चढते आणि शहरातील करदाता त्याला फुकट्या ठरवून मोकळा होतो. मीटर नसणे हे शेतकऱ्याचे संरक्षण आहे, असे संघटनांना वाटते. प्रत्यक्षात त्याच्यावरील आरोपाचे उत्तर देण्याचे साधनच त्यामुळे त्याच्या हातून गेले आहे.

शून्य बिलाचा धडा

मोफत देणे आणि मोजणे या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे कर्नाटकानेच दोनदा सिद्ध केले आहे. जुलै २०२३ पासून लागू झालेल्या ‘गृहज्योती’ योजनेत घरगुती ग्राहकाला त्याच्या आधीच्या सरासरी वापरावर दहा टक्के वाढ धरून, दोनशे युनिटांच्या मर्यादेत, वीज मोफत मिळते. बेंगळुरूत भाड्याच्या घरात राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांच्या हाती दरमहा शून्य रकमेचे बिल पडले. पण त्या बिलावर वापरलेले युनिट छापलेले असतात. मीटर आहे, मर्यादा आहे, भाडेकरूच्या नावाची नोंद आहे आणि तरीही वीज मोफत आहे. शहराला जे जमले ते शेताला का जमू नये?

दुसरे उदाहरण दुधाचे. सहकारी संघाला दूध घालणाऱ्याला राज्य सरकारने २००८ मध्ये लिटरमागे दोन रुपये प्रोत्साहन दिले. ते २०१३ मध्ये चार आणि २०१६ मध्ये पाच रुपये झाले. गावच्या दूध संस्थेत लिटर मोजले जाते, फॅट तपासले जाते आणि प्रोत्साहनाची रक्कम उत्पादकाच्या खात्यात जाते. त्यासाठी पहाणीवर नाव लागत नाही. दोन गायी बांधणारी भूमिहीन बाईही त्यास पात्र ठरते. दिवसाला दहा लिटर दूध घालणाऱ्या घराला यातून वर्षाला अठरा हजारांहून अधिक रुपये मिळतात आणि त्यातला प्रत्येक रुपया कशाबद्दल मिळाला हे त्या घराला ठाऊक असते. ही रक्कम महिनोन्‌महिने थकते अशी तक्रार आहे आणि ती खरी आहे. पण किती थकले हे उत्पादकाला सांगता येते आणि विधानसभेत त्यावर प्रश्न विचारता येतो, हेच मोजलेल्या अनुदानाचे बळ आहे.

तेव्हा मार्ग अवघड असला तरी अज्ञात नाही. पहिली पायरी हमीची आहे. ठरावीक मर्यादेपर्यंत शेतीची वीज मोफतच राहील, हे सरकारी आदेशाने नव्हे तर विधिमंडळाच्या कायद्याने सांगितले पाहिजे. तसे झाल्याशिवाय मीटरचे नाव काढण्यात अर्थ नाही. दुसरी पायरी रोहित्राची. प्रत्येक पंपावर एकदम मीटर बसविण्यापेक्षा कृषी रोहित्रांवर आधी मोजणी करावी आणि तिचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. तिसरी पायरी शून्य बिलाची. ज्या पंपावर मीटर बसेल, त्याच्या मालकाला ‘गृहज्योती’प्रमाणे वापर आणि अनुदानाची रक्कम दाखविणारे बिल द्यावे. चौथी पायरी बचतीची. पंजाबने २०१८ मध्ये ठरवून दिलेल्या कोट्यापेक्षा कमी वीज वापरणाऱ्या शेतकऱ्याला वाचलेल्या प्रत्येक युनिटमागे चार रुपये देण्याची योजना सुरू केली. बिल न आकारता पाणी वाचविण्याचे कारण शेतकऱ्याच्या हाती देणारी ही कल्पना कोलार आणि देवनहळ्ळीसारख्या तालुक्यांत अधिक शोभेल. आणि अशा रीतीने वाचलेल्या पैशावर पहिला हक्क पंप नसलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा असला पाहिजे. अन्यथा हा खटाटोप केवळ तिजोरीसाठी होता, असे म्हणण्यास जागा राहील.

महाराष्ट्राला हे दूरस्थपणे पाहता येणार नाही. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी तेथे साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या सुमारे ४४ लाख पंपांना पाच वर्षांसाठी मोफत वीज जाहीर झाली. तिची मुदत मार्च २०२९ पर्यंत आहे आणि विधानसभेची पुढील निवडणूकही त्याच वर्षी अपेक्षित आहे. तोपर्यंत मोजणीची व्यवस्था उभी राहिली नाही, तर कर्नाटकाला चार दशकांत जे साधले नाही ते महाराष्ट्रालाही साधणार नाही आणि योजना चालू ठेवावी की नाही, याचा निर्णय पुन्हा प्रचारसभेतच होईल.

चन्नरायपट्टणच्या शेतकऱ्यांनी जमीन राखली ती आपल्यापाशी तिचा लेखी पुरावा होता म्हणून, आणि प्रत्येक एकरामागे एक नाव उभे होते म्हणून. ज्या पाण्यावर ती जमीन पिकते त्याच्यामागे ना आकडा आहे, ना नाव. उद्या पाणी आटले आणि शेती परवडेनाशी झाली, तर सरकारला संपादनाची नोटीस काढावीही लागणार नाही; जमीन आपणहून विक्रीला येईल.